जिथं नारळ फुटला

मित्रांनो, मी एक जुना पोलादी पाइप आहे. निमोण्यात हौसरावांच्या गोठ्यामागं भंगारात पडलोय. माझ्या अंगाला करंगळी जाईल एवढं भोक आहे. हसू नका, त्या भोकानं एक माणूस नेलंय.

अकरा वर्षांपूर्वी आलो तेव्हा काय रुबाब होता माझा! अंगभर डांबराचा जाड लेप. हौसरावांच्या बायकोचे, कस्तुराबाईंचे गुडघे पार कामातून गेले होते, तरी त्या शेतातल्या विहिरीवरून हंडे आणत. त्यांच्यासाठीच मला विहिरीपासून घरापर्यंत पुरायचं ठरलं.

चरात उतरवल्यावर हौसरावांनी हळदकुंकू वाहिलं आणि आनंदाच्या भरात नारळ माझ्याच अंगावर आपटला. नारळ फुटला, लेपाचाही टवका उडाला. त्यांचा पुतण्या दत्ता कारेगावला कंपनीत फिटर. तो म्हणाला, "आप्पा, तेवढ्या जागी डांबर लावू द्या. उघडं लोखंड मातीत सडतं."

"अरं, देवाच्या नारळाची खूण हाय ती. तिला डांबर फासतो व्हय? लोट माती!"

माती लोटली. घरच्या नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा कस्तुराबाई ओंजळ धरून कितीतरी वेळ तिथंच बसल्या. खरं सांगतो, तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. टवक्यावर थोडा गंज धरला होता, पण माती निचऱ्याची आणि निरोगी होती, तिनं मला सांभाळलं.

मग एक टँकरवाला उसाला खत म्हणून कुठलंसं काळं, सडकं पाणी फुकट देऊन जाऊ लागला. फुकटचं म्हटल्यावर हौसरावांनी ते साठवायला खड्डा खणला, तोही नेमका माझ्या डोक्यावर! माती चिंब झाली, तिच्यातली हवा संपली. मातीत डोळ्यांना न दिसणारे नाना जिवाणू असतात. बरेचसे पिकाला पोसतात, पण हवा नसली की वेगळ्याच जातीच्या जिवाणूंचं फावतं. त्या घाणीतल्या सल्फेट नावाच्या क्षारावर ते वाढले. सडक्या अंड्यासारखा वास सोडत त्यांनी मला टवक्याच्या जागी आत आत पोखरलं. वरून कुणाला काही दिसत नव्हतं. मला ओरडता येत असतं तर गाव गोळा केलं असतं!

शेवटी भोक पडलं. वीज गेली, मोटर बंद पडली की मी रिकामा होई आणि त्या भोकातून खड्ड्याची घाण आत ओढून घेई. मीच, मित्रांनो.

"आवं, पाण्याला वास येतुया," कस्तुराबाई म्हणाल्या.

"खड्ड्याचा वास हाय तो, वाऱ्यानं येतुया," हौसराव म्हणाले.

दोन दिवसांनी त्या पुन्हा तेच म्हणाल्या आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. त्या आठवड्यात त्यांना जुलाब लागले. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, पण तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

डॉक्टरांनी पाण्यावर संशय घेतला होता, म्हणून तेरावा झाल्यावर दत्तानं खड्डा उपसला आणि मला बाहेर काढलं. हौसरावांनी माझ्या अंगावरचा काळा चिखल हातानं पुसला. भोकावर बोट येताच ते खाली बसले.

"दत्ता, हितंच फोडला व्हता की रं मी नारळ."

दत्तानं मला उचललं आणि गोठ्यामागं भंगारात टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरचं पाणी कुठून येतं ते आजच विचारून घ्या. त्या पाइपावर घाण साचू देऊ नका. टवका दिसला तर त्याच दिवशी झाका. आणि घरातलं कुणी पाण्याला वास येतोय म्हणालं, तर पहिल्यांदाच ऐका. कस्तुराबाई दोनदा म्हणाल्या होत्या.