दाराला लावलेला दगड

मी दाराला लावलेला दगड बोलतोय. दगड बोलतो याचं नवल वाटून घेऊ नका. डोळे असून माणसं बघत नाहीत, म्हणून दगडाला तोंड उघडावं लागतं.

माझं वय विचारू नका, मला आता आठवत नाही. आधी मी वाळू होतो. कुठल्यातरी डोंगराची झीज झाली, ओढ्यानाल्यांनी ती समुद्रात नेऊन टाकली, तीच मी. माझ्यावर आणखी वाळू, मग गाळ, मग पुन्हा गाळ असे थर चढत गेले आणि त्या भाराखाली कणाला कण चिकटून माझा खडक झाला. पुढे जमीन मला आणखी खोल घेऊन गेली. तिथल्या दाबानं आणि उष्णतेनं माझ्यातला कण न् कण एकजीव झाला. तेव्हापासून मी क्वार्टझाइट. मग तीच जमीन वर उचलली गेली, माझ्या डोक्यावरचं सगळं धुपून गेलं, भेगांत पाणी शिरलं आणि एका कड्यावरून तुटून मी नदीत पडलो. नदीनं लोळवून लोळवून माझा गोटा केला. एवढं सगळं सोसून मी कशासाठी आलो, तर एक दार मिटू नये म्हणून!

नदीकाठून मला सरांनी उचललं. सर कॉलेजात भूशास्त्र शिकवतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना पृथ्वी कशी घडते ते सांगतात, आणि चांगलं सांगतात, ते मी नाकारत नाही. घरी त्यांनी मला कपाटात काचेमागे ठेवलं होतं. तिथे माझं बरं चाललं होतं.

घर डोंगराच्या उतारावर. दुरून डोंगर साजरे म्हणतात. सरांना तो जवळूनही साजरा वाटला. दरीच्या बाजूच्या खोलीत सरांच्या आई झोपून असायच्या. पायांनी साथ सोडल्यापासून ती खोली आणि तिचं उघडं दार एवढंच त्यांचं जग. दार उघडं असलं की त्यांची हाक थेट ताईंच्या शिवणयंत्रापर्यंत पोचायची. ताई म्हणजे सरांची बायको. शेजारपाजारचे त्यांना ताई म्हणायचे, म्हणून मीही.

तर हे दार एकदा आपलं आपणच मिटायला लागलं. आधी कागदाची घडी खाली सारून भागलं. मग घडी पुरेना, म्हणून रबरी चप्पल आली. चप्पलही सरकायला लागली, तेव्हा सरांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं.

"तात्पुरता हा लाव," ते ताईंना म्हणाले. "सुतार आला की बघू."

सुतार आला. लाकूड फुगतं म्हणाला, दाराच्या कडेला रंधा मारून गेला. दार मिटतच राहिलं आणि मी तिथेच राहिलो. समुद्राच्या तळाशी काढला तो काळ तात्पुरता म्हणा हवं तर, पण हे काय? या शब्दाचा मला मनस्वी वैताग आहे. कढईतलं तेल एका बाजूला जमतं, म्हणून शेगडीखाली पुठ्ठा, तात्पुरता. भिंतीला तडा गेला, म्हणून त्यावर कॅलेंडर, तेही तात्पुरतं. ताईंच्या हातून दोऱ्याचं रीळ पडलं तर त्या खाली बघतसुद्धा नव्हत्या, सरळ दरीकडच्या खिडकीखाली जाऊन उचलून आणायच्या. इतके टेकू लावले, पण ते का लागतात, हा प्रश्न काही कुणाला पडला नाही.

मला कळत होतं. माझा जन्म उतारावर घरंगळण्यात गेलाय. दार दर वर्षी जरा जास्त जोर लावायचं. मी केसभर मागे सरकायचो, आणि ताई केर काढता काढता मला पायानं पुन्हा पुढे ढकलायच्या. ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो बाई, हे दार नाही ढकलत, डोंगर ढकलतोय! ताईंचं एक वेळ जाऊ दे. पण सर? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण करणाऱ्यानं पाषाणाला विचारलं नव्हतं, एवढं मात्र सांगून ठेवतो. मी कोरडा असेन, आंधळा नाही.

एके सकाळी सरांना आठवलं, मुलांना दाखवायचा नदीतला गोटा प्रयोगशाळेतून कुणीतरी हरवलाय. त्यांनी मला उचललं.

"अहो, मग दाराला काय लावू?" ताईंनी विचारलं. त्यांना शिवलेले कपडे पोचवायला बाहेर जायचं होतं.

"चप्पल लाव. तात्पुरती."

वर्गात मी हातोहात फिरलो. एकानं मला हातावर तोलून पाहिलं, एकानं नखानं ओरबाडलं आणि नख मोडून घेतलं. मग सरांनी मला टेबलावर ठेवून फळ्यावर उतार काढला. त्यावर बुंध्याशी वाकलेली झाडं काढली, कललेले खांब काढले. म्हणाले, कडा कोसळतो तो सगळ्यांना दिसतो, पण उतारावरची माती कणाकणानं सरकत असते ती दिसत नाही. घर असेल तर आधी भिंतींना तडे जातात, मग दारं आपोआप मिटायला लागतात.

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग त्या घरातल्यांना कळत कसं नाही, सर?"

सर हसले. "कसं कळणार? दार मिटायला लागलं की माणूस त्याला एखादा दगड..."

त्यांचा हात माझ्यावर होता. त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं.

मला घेऊनच ते वर्गातून निघाले. दुसऱ्या हातात खडू तसाच होता.

घरी ताई नुकत्याच परतल्या होत्या आणि दाराला खांद्यानं धक्के देत होत्या. चप्पल एका बाजूला फेकली गेली होती. चौकट दारावर अशी आवळली होती की ते तसूभर हलेना. सरांनी आईंना हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि दारावर घातलं. इतकी वर्षं जे दार मी धरून ठेवलं, ते शेवटी मीच फोडलं.

आई जाग्या होत्या. हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला होता. पलंग भिंतीपासून सुटून खिडकीकडे सरकला होता.

"मला वाटायचं, मलाच चक्कर येते," त्या पुटपुटल्या. "सारखं त्या बाजूला गेल्यासारखं व्हायचं. म्हटलं, वय झालं, कशाला उगाच सांगा."

सरांनी खिडकीतून खाली पाहिलं. जमिनीत हात जाईल एवढी भेग पडली होती. ती आजची नव्हती, तिच्यात गवत उगवलेलं होतं.

त्याच दुपारी सामान बांधलं. ताईंच्या भावाकडे जायचं ठरलं.

"किती दिवसांसाठी हो?" ताईंनी विचारलं.

तो शब्द सरांच्या ओठांवर आला असणार, मी त्यांना ओळखतो. पण ते म्हणाले, "परत यायचं नाही."

पुढच्या पावसाळ्यात ती खोली खिडकीसकट दरीत गेली. सर जाऊन बघून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आता आम्ही सपाटीवर भाड्याच्या घरात राहतो. इथलं दार जिथे सोडाल तिथे उभं राहतं. मला काडीचं काम नाही, तरी मला दारापाशीच ठेवलंय. रोज कॉलेजला निघताना सर मला उचलून बाजूला ठेवतात आणि दाराकडे बघत उभे राहतात. दार हलत नाही. मग मला परत जागेवर ठेवतात.

"अरे, जा आता, उशीर होईल," आई आतून म्हणतात.

या माणसांवरचा माझा वैताग काही गेलेला नाही. परवाच ताईंनी गळक्या नळाला चिंधी बांधली, आणि काय म्हणून बांधली ते मी सांगायला नको. पण ते रोजचं उभं राहणं मला आवडतं. तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा दाराशी बसला असेल, तर या दगडाचं एवढं ऐका. उद्या सकाळी त्याला उचला, आणि दार काय करतं ते बघत जरा वेळ उभे राहा.