पाण्याला हरकत

जतकडच्या त्या धनगरवस्तीवर कुणीही आलं की आधी तांब्याभर पाणी पुढं ठेवायचं आणि मगच कोण, कुठलं ते विचारायचं. आकारामच्या जन्माआधीपासूनची ही रीत. त्यामुळं सांगलीचा विश्वजित पहिल्यांदा आला तेव्हा आकारामच्या बायकोनं, हरणाबाईनं, त्यालाही पाणी दिलं. गडी तांब्या रिकामा करून घोंगड्यावर ऐसपैस बसला आणि आपलं पर्यटन किती जबाबदार आहे ते सांगू लागला. माळावर शेणानं सारवलेल्या झोपड्या बांधणार, डीजे नाही, दारू नाही. प्लास्टिकची बाटली तर हद्दीत आणायची नाही.

“तर आबा, पाहुण्यांना तुमच्या विहिरीचं पाणी द्यायला हरकत नाही ना?”

आकाराम हसला. “आवं, पान्याला कोन न्हाई म्हनतं व्हय?”

विश्वजितनं कागद पुढं केला, आकारामनं अंगठा उठवला. त्याच्या लेखी पाणी म्हणजे तांब्या, फार तर घागर. कागदावर मात्र ‘लागेल तेवढं’ असं लिहिलं होतं, आणि विश्वजितच्या डोक्यात विहिरीवर बसवायची मोटार होती.

दिवाळीनंतर पाहुणे सुरू झाले. बाटलीबंद पाणी पाप, म्हणून प्यायला विहिरीचं. मग आंघोळीला विहिरीचं. शिवाय येताना गाडीनं जो धूर केला त्याची भरपाई म्हणून प्रत्येक पाहुण्यानं एक रोप लावायचं, तेही मेंढरांच्या चराईच्या माळावर. रोपांना पाणी विहिरीचंच. झाडं लावणाऱ्याला नावं कोण ठेवणार? सगळे फोटो काढत होते आणि विहीर खाली खाली जात होती.

शिमगा झाला आणि पोहऱ्यातून गाळ वर आला. आकाराम तडक विश्वजितकडं गेला.

“मोटार बंद करा. साठ मेंढरं हायती माजी, तडफडाय लागल्यात.”

विश्वजित चिडला नाही. हेच आकारामला जास्त लागलं. विश्वजितनं शांतपणे कागद उलगडला, वाचून दाखवला आणि म्हणाला, “आबा, अंगठा तुमचाच आहे. आणि रोपं जळाली तर निसर्गाचंच नुकसान की.”

आकाराम परत निघाला तेव्हा त्याला विश्वजितपेक्षा स्वतःचाच राग आला होता. बापानं आणि चुलत्यांनी पहारीनं खडक फोडून खोदलेली विहीर त्यानं हसत हसत घालवली होती. पुढच्या पंधरवड्यात अकरा मेंढरं गेली. उरलेली विकून टाकली. रात्रीत विहिरीत पाझरेल तेवढं पाणी मात्र मोटार पहाटेच विश्वजितच्या कॅम्पच्या टाकीत ओढत राहिली.

चैत्रात एक दिवस ऐन दुपारी कॅम्पवर उतरलेली प्रांजल नावाची पुण्याची पोरगी माळ बघत बघत दारात आली. उन्हानं लाल झाली होती. “आजी, थोडं पाणी मिळेल?”

हरणाबाईचा हात सवयीनं माठाकडं गेला. दोन मैलांवरच्या टँकरवरून डोक्यावर आणलेली एक घागर त्यात होती.

“न्हाई म्हन,” आकाराम म्हणाला.

हरणाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं हा शब्द पाण्याला कधी लावला नव्हता. मग मान खाली घालून म्हणाली, “पानी न्हाई, बाई.”

पोरीनं ओल्या माठाकडं पाहिलं आणि ती निघून गेली. आकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतापर्यंत विहीर गेली होती, मेंढरं गेली होती. आज घराची अब्रूही गेली.

घटकाभरानं पोरगी परत आली. पाण्यानं भरलेली तांब्याची बाटली तिनं उंबऱ्यावर ठेवली. “आजी, तुम्हालाच कमी पडत असेल म्हणून आमच्या कॅम्पवरून आणलं. फक्त जपून वापरा हं, पाणी फार मोलाचं असतं.”

ती दिसेनाशी झाल्यावर हरणाबाईनं बाटली उघडली आणि घोटभर पाणी तोंडात धरलं. चव तिनं लगेच ओळखली.

“आवं,” ती म्हणाली, “आपल्याच हिरीचं हाय.”