जात्याला आलेला ताप

त्या उन्हाळ्यात आमच्या अंत्युखिया शहरात तापाची साथ होती, आणि नदीकाठच्या आमच्या गल्लीत मालखसबाबाच्या दारी पहाटेपासून रांग लागायची. बाबा आजाऱ्याच्या कपाळावर रुपेरी नाणं बांधायचा. नाण्याच्या एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला ख्रिस्तचिन्हाचं निशाण. त्यावर बाबाच्या घड्यातल्या तीर्थात भिजवलेली पट्टी. सकाळी पट्टी सोडली की नाणं लाल. नाण्यानं ताप पिऊन टाकला, असं तो सांगे आणि माणसं गुडघे टेकत. आमच्या आजीच्या काळी सूर्यदेवाचं नाणं बांधत. देव बदलला, दोरा तोच राहिला.

माझ्या थोरल्या बहिणीची, डोम्निनाची, मुलगी शमुनी तापानं फणफणली. वैद्यानं जवाचं पाणी घोटघोट पाजायला सांगितलं होतं. बाबानं बजावलं, थेंबही द्यायचा नाही, ताप आत मुरेल. पोर रात्रभर पाणी मागत राहिली. सकाळी नाणं लाल झालं होतं आणि शमुनी गार पडली होती.

"ताप गेलाच की," बाबा म्हणाला. "आईच्या मनात शंका होती, म्हणून पोर गेली."

शेजारणींनी माना डोलावल्या.

पोरीला पुरून आल्यावर डोम्निना ती पट्टी धुवायला बसली. पट्टीला आंबलेल्या द्राक्षारसाचा, शिरक्याचा वास होता. जिभेला लावली तर खारट. तिनं पेटीतलं आजीचं सूर्यदेवाचं नाणं काढलं, मीठ घातलेल्या शिरक्यात पट्टी भिजवली आणि नाणं जात्याला बांधलं. दुसऱ्या दिवशी जात्याची वरची तळी उचलून ती रांगेपुढे आली आणि पट्टी सोडली. नाणं लाल.

"बाबा, माझ्या जात्यालाही ताप होता म्हणायचा. आणि जुन्या देवानंही तो पिऊन टाकला."

"बाई, हे सैतानाचं काम."

"सैतानाला मीठ आणि शिरका पुरतो, एवढं आज कळलं."

टाकसाळीत तांब्यावर चांदीचा नुसता हात फिरवतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मीठ-शिरक्यानं तो हात उतरला की खालचं तांबं लाल दिसतं. बाजारात नाणं घेताना आम्ही ते नखानं खरवडून बघायचो. आजाऱ्याच्या खाटेपाशी मात्र कुणी नख लावलं नाही.

निम्मी रांग घरी गेली. निम्मी थांबली, कारण त्यांच्या घरी अजून ताप होता. त्यांच्याशी भांडायचं बळ डोम्निनात उरलं नव्हतं, म्हणून म्हातारपणी मी सांगते आहे. देव कोणताही माना. पण आजारी माणूस बरा झाला का, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवा, नाण्याकडे बघून नाही.