खणातलं पुस्तक

ग्रंथपाल बाईंनी यादीतल्या पाचव्या पुस्तकापुढे ‘बाहेर गेलेलं’ असं लिहिलं आणि गुडघ्याने टेबलाचा खण आत ढकलला.

समोर शिवणकाम करणाऱ्या ताई उभ्या होत्या. त्यांच्या कारखान्याला आग लागून वर्ष झालं होतं. भाजलेलं भरून आलं, पण अजून कुठे दार आपटलं की खांदे कानाला टेकत. अंगात बसलेली भीती अंगाच्याच वाटेने काढता येते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यावरची पुस्तकं हवी होती.

“डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. मी म्हटलं, मग हे खांदे न्या तुमच्या घरी.”

बाईंना हसू आलं. चार पुस्तकं त्यांनी हुडकून दिली होती. एक व्यायामाच्या कपाटात, दोन आरोग्याच्या, एक मानसशास्त्राच्या. पाचवं खणात होतं. अपघातात धाकटी बहीण गेली, त्यानंतर बाईंची उजवी मूठ आपोआप वळायची. दोन वर्षं ते पुस्तक त्या स्वतःच्याच नावावर पुन्हा पुन्हा चढवत होत्या.

ताईंनी यादी वाचली. पाचवं कधी परत येईल, असं विचारलं. नक्की सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या.

“ज्यांनी नेलंय, त्यांना गुण आला असेल का हो?”

बाईंनी मूठ टेबलाखाली घेतली.

“थोडाफार. एक प्रकार राहिलाय त्यांचा.”

“अवघड आहे?”

“नाही. त्याला दोघं लागतात.”

मग त्यांनी खण उघडला, पुस्तक काढलं आणि ते पान समोर धरलं. पाठीला पाठ लावून बसायचं आणि दुसऱ्याचा श्वास आपल्या पाठीला कळेपर्यंत गप्प राहायचं, एवढंच होतं. बाईंनी भिंतीला टेकून पाहिलं होतं.

ताईंनी ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं. खण, पुस्तक, कशाबद्दलच त्या काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातलं बिनपाठीचं बाकडं ओढून मधोमध आणलं.

“पाच मिनिटं लिहिलंय. वेळ आहे तुम्हाला?”

बाई उठल्या. दारावरची ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी त्यांनी बाहेरच्या बाजूला वळवली. घड्याळात साडेदहाच वाजले होते.