माणूस समोर नसताना

"कान?"

"पीछे. एकदम पीछे."

"आँखें?"

"आधी बंद. मॅडम, दो दे दूँ?"

"मुझसे पूछकर मत दो, नीरज. अपने मन से दो."

मदतनीस नीरजने मनाने दोन दिले. वृंदाने पडद्यावरचं दृश्य पुढे सरकवलं. आता डुकराचं दुसरं पिल्लू आलं, तेही गुलाबी, तेही दोन आठवड्यांचं, सगळ्या भावंडांपासून दूर, भिंतीकडे तोंड करून बसलेलं. आवाज मुद्दाम बंद ठेवलेला होता. हे दृश्य खच्ची करण्याआधीचं की नंतरचं, या पिल्लाला दुखणं कमी करणारं इंजेक्शन मिळालं होतं की नाही, यातलं काही आकडा देणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियम होता. आकडे तीनच. दुखत नसेल तर शून्य, शंका असेल तर एक, नक्की दुखत असेल तर दोन.

दिल्लीची हद्द ओलांडून हरियाणात शिरलं की जीटी रोडच्या कडेला वृंदाच्या संशोधन संस्थेचं डुकरांचं फार्म होतं. नराच्या मांसाला उग्र वास येतो, तो खाणाऱ्याला खपत नाही, म्हणून नर पिल्लं लहानपणीच खच्ची करायची. एकाने मागचे पाय धरून पिल्लू उलटं टांगायचं, दुसऱ्याने दोन चिरे द्यायचे. मिनिटाभरात पिल्लू परत आईजवळ. "छोटे हैं जी, इनको पता नहीं चलता," असं फार्मवरचा जुना माणूस रामफल येईल त्याला सांगायचा. पिल्लाची किंकाळी पार रस्त्यापर्यंत जायची, तरी रामफलचं मत काही बदललं नाही. त्या बिचाऱ्याला तरी काय बोलायचं, मोठमोठ्या पदव्यांची माणसंही चहा पिताना हेच बोलत.

त्यांची तोंडं बंद करायची तर दुखणं मोजून दाखवायला हवं. डॉ. वृंदाची नोकरी त्यासाठीच होती आणि तिला त्या नोकरीचा अभिमान होता.

पहिल्या वेळी तिचाच पाय खड्ड्यात गेला होता. ती आणि नीरज पिल्लांच्या कप्प्याशेजारी स्टूल टाकून बसायचे, बघायचे आणि आकडे द्यायचे. बहुतेक पिल्लांना दुसऱ्या दिवशी शून्यच मिळत होतं. मग एकदा जेवायला जाताना नीरज नोंदीसाठी लावलेला कॅमेरा बंद करायला विसरला. जेवून आल्यावर दोघांनी ते चित्रण बघितलं. ही दोघं उठून गेल्यावर थोड्याच वेळात पिल्लं थरथरायला लागली होती. एक मागचं अंग जमिनीला घासत होतं, एक दूध सोडून कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. स्टुलं परत वाजली तशी सगळी गप्प झाली. अंगावर चालून येणारं जनावर समोर उभं असताना दुखणं दाखवायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं आणि स्टुलावरची वृंदा हेच त्यांच्या लेखी ते जनावर होतं.

तिने पहिली बॅच रद्द केली. तेव्हापासून फार्मवर एकच शिस्त होती. माणूस समोर असताना घेतलेला आकडा धरायचा नाही.

घर मयूर विहारला, सोसायटीच्या सातव्या मजल्यावर. नवरा गुणवंतराव एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, मुलगा आशय बंगळूरला. बायकोच्या कामाची गुणवंतरावांनी मनमुराद थट्टा केली होती. दर जानेवारीत महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जायची. फार्मचं फाटक दिसलं की ते बसमध्ये उभे राहून सांगत, "मंडळी, डावीकडे बघा. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर." बायका नाकाला पदर लावून हसत. वृंदाही हसायची. घरी आल्यावर त्यांचा कान धरायची, पण तोही लटकाच.

मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ती गाठ पुरुषी हार्मोनवर वाढते, तेव्हा ते हार्मोन बनतं तिथूनच बंद करायचं, म्हणजे दोन्ही वृषण काढून टाकायचे, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी इंग्रजी शब्द वापरला. घरात त्याला 'ते ऑपरेशन' म्हणू लागले. फार्मवर वृंदाच्या तोंडी दिवसभर असणारा शब्द मयूर विहारच्या त्या घरात कोणी उच्चारला नाही. त्या जानेवारीत मंडळाची बस फार्मवरून गेली तेव्हा गुणवंतराव उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते. कोणीतरी म्हणालं, "काय हो, या वेळी माहेर नाही दाखवलंत?" ते म्हणाले, "धुकं आहे." धुकं होतं हे खरंच.

ऑपरेशननंतर एकदा संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वृंदा, तुमच्या त्या पिल्लांना नंतर किती दिवस दुखतं गं?"

ती चहा गाळत होती. "पहिला दिवस जास्त. मग वागण्यात फारसं दिसत नाही."

"अच्छा," ते म्हणाले. "दिसत नाही."

"साखर घालू का अजून?" तिने विचारलं होतं. पुढे हे आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. नवरा दार ठोठावत होता आणि ही बाई आतून साखरेची चौकशी करत होती.

दर तीन महिन्यांनी दोघं दवाखान्यात जात. डॉक्टरांचा प्रश्न ठरलेला. "कमर में, कूल्हे में कहीं दर्द? दस में से कितना?"

"दो," गुणवंतराव म्हणत.

डॉक्टर वृंदाकडे बघत. दुखणं हाडात शिरलं तर उपचार लगेच बदलावे लागतात, म्हणून बारीक लक्ष ठेवा, असं त्यांनी तिला बजावलेलं होतं. गेल्या खेपेला ते म्हणाले, एकदा हाडांचा स्कॅन करून घेऊया. वृंदा हसली. "मैं रोज़ देखती हूँ ना, डॉक्टर साहब. मेरा तो काम ही यही है. चेहरा देखकर बता दूँगी." गुणवंतरावांनी मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "चलो, फिर अगली बार करा लेंगे." तिला त्या दिवशी आपण नवऱ्याच्या उपयोगी पडलो असं वाटलं होतं.

ऑपरेशननंतर आशयने हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा लावून दिला होता. आई दिवसभर फार्मवर, बाबा एकटे, पडलेबिडले तर निदान कळेल. वृंदाने तो फोनवर एकदाही उघडला नव्हता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आशयचा फोन आला तेव्हाही तिने उडवून लावलं.

"घरच्या माणसावर काय पाळत ठेवायची, आशय?"

"यार आई, तू बघ ना प्लीज. मी या वीकमध्ये तीनदा बघितलं. बाबा दुपारी दीवार पकडून उभे राहतात, हलतच नाहीत. आणि काल बाथरूमला जाताना ते... कसं सांगू, घुटनों पर गेले. बाळ जातं ना, तसं."

"रांगत," वृंदा म्हणाली.

"हां. रांगत."

तिने फोन टेबलावर उभा केला आणि कालची दुपार लावली. आवाज आपसूक बंद केला, तशी सवयच होती. एक म्हातारा खुर्चीतून उठला. भिंतीला हात लावून थांबला. डोळे मिटलेले, गाल वर ओढलेले, ओठ आत घेतलेले. मग तो हळूहळू खाली बसला आणि हातांवर आला. गंजिफ्रॉक पाठीवर वर सरकला होता, तो खाली ओढायलाही थांबला नाही.

"ये कौन सी क्लिप है, मॅडम?" नीरजने मान वळवली.

"पुरानी है," ती म्हणाली आणि फोन आपल्याकडे फिरवला.

ती बघत राहिली. संध्याकाळ झाली. लिफ्टचा आवाज त्याला ऐकू आला असावा, कारण म्हातारा भिंत धरून उठला, केसांवरून कंगवा फिरवला, सदरा चढवला, खुर्चीत बसून पेपर उघडला. चेहरा पुसून घेतल्यासारखा साफ केला. दार उघडलं आणि आत एक बाई आली. तिने पर्स ठेवली, त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, काहीतरी विचारलं, उत्तर ऐकून समाधानाने मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली.

वृंदाने आयुष्यात कुणाचा इतका राग केला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पिल्लांची बॅच तिने रद्द केली होती. ही कशी रद्द करायची?

स्कॅन झाला. कॅन्सर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात गेला होता. डॉक्टर बराच वेळ प्रतिमा बघत राहिले. "इतना एक दिन में नहीं होता," ते म्हणाले. "आपने तो कहा था..." पुढचं त्यांनी गिळलं. सभ्य माणूस होता. त्यांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. दुखणं दहापैकी सहापर्यंत असेल तर साधी पांढरी, सहाच्या वर गेलं तर दुसरी, जोरकस.

परतताना टॅक्सीत ती म्हणाली, "का नाही सांगितलंत?"

गुणवंतराव यमुनेच्या पुलाकडे बघत होते. "तू दिवसभर तेच बघून येतेस. घरी आल्यावर पुन्हा तेच कशाला?"

"म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायचा?"

"आणि खरं सांगू?" ते म्हणाले. "तू यायचीस ती बघायलाच लागायचीस. चहा नाही, पाणी नाही, आधी तोंड बघणार. मला वाटायचं, आता ही आकडा देणार." मग म्हणाले, "माझं जे गेलं ते गेलं. निदान तुझ्यासमोर नीट बसावं, एवढंच होतं."

ड्रायव्हरने एफएम लावला, तो बंद करायला कोणी सांगितलं नाही.

तिचा अहवाल पुरा झाला. पिल्लांना दुखतं, बराच काळ दुखतं, इंजेक्शनने ते कमी होतं, हे आकड्यांनी सिद्ध झालं. साहेबांनी "बहुत बढ़िया काम" म्हणून पाठ थोपटली. इंजेक्शनं काही आली नाहीत. रामफल पाय धरून उभाच होता.

आशयला सांगून तिने हॉलमधला कॅमेरा काढून टाकला. का, ते त्याने विचारलं नाही.

आता संध्याकाळी संस्थेची बस तिला गेटवर सोडते. ती लिफ्टने वर येते. किल्ली पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातच असते, पण ती बेल वाजवते आणि दारावरच्या पाटीकडे बघत उभी राहते. आतून आधी काहीच ऐकू येत नाही. मग खुर्ची सरकते. काठी टेकते, थांबते, पुन्हा टेकते. बेल दुसऱ्यांदा वाजवायची नाही, एवढं तिने ठरवलेलं आहे.

"आंटी, चाबी भूल गईं?" शेजारची देविका लिफ्टकडे जाताना विचारते. "हमारे यहाँ बैठ जाइए."

"नहीं बेटा, आ रहे हैं."

दार उघडतं. गुणवंतरावांच्या केसांतून नुकताच कंगवा फिरलेला असतो. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावलेली असतात.

"आलीस?"

"आले," ती चपला काढत, खाली बघत म्हणते. "आज कसं आहे?"

"दोन."

"बरं," वृंदा म्हणते. आत जाते, सहाच्या वरची गोळी काढते आणि पाण्याच्या भांड्याबरोबर आणून त्यांच्या तळहातावर ठेवते. ते गोळीकडे बघतात. मग गिळून टाकतात.