गाडीच्या पोटाखालचा पत्रा

सलिलने कॅटलॉग बाजूला सारला आणि थेट दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन टायर दाखवला. टायर रुपालीच्या कमरेपर्यंत येत होता. वागळे इस्टेटमधल्या त्या गल्लीत जीपगाड्या सजवून देणारं त्याचं एकट्याचंच दुकान होतं, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे पोरांची गर्दी असायची. आज त्या गर्दीत कंपनीचा गणवेश घातलेली, हातात डबा घेतलेली एक बाई उभी होती.

"हा टाका मॅडम. गाडी उंच करायला लिफ्ट किट, अडकली तर ओढायला पुढे विंच, टपावर लाइटबार. गाडी ओळखू येणार नाही," सलिल म्हणाला.

"मला ओळखू यायला हवी आहे," रुपाली म्हणाली. "हे टायर हायवेवर पावसात ब्रेक कसे धरतात?"

असं सलिलला कुणी विचारत नसे. "आवाज करतात थोडा. आणि ब्रेकला... मड टायर आहेत ना शेवटी."

"मी रोज डोंबिवलीहून शीळफाट्यावरून मुंब्रा बायपासने इथे येते. कंटेनरच्या मागे. चिखल माझ्या वाटेला फक्त रविवारी येतो."

रुपाली जवळच्याच एका इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. माल बरोबर नसेल तर परत पाठवायचा हेच तिचं काम, त्यामुळे समोरच्याचं तोंड वाकडं झालं तर तिला फारसं काही वाटत नसे. गाडी तिने दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली होती, चारही चाकांना ताकद मिळणारी, रंग उडालेली जीप. घटस्फोटानंतर माहेरी परत आलेल्या बाईने स्कूटी घ्यावी, फार तर लहान गाडी, असं भावकीत सगळ्यांचं मत होतं. तिने मत ऐकून घेतलं आणि जीप आणली.

पण तिला ती जीप मिरवायला नको होती. तिला शेतात जायचं होतं.

शेत मलंगगडाच्या पायथ्याकडे, डोंबिवलीपासून गाडीने पाऊण तासावर. वडील गोपीनाथ गेल्यावर ते तिच्या आणि आई गोदाच्या नावावर झालं. आजूबाजूच्या भावकीने आपापले तुकडे एका बिल्डरला दिले आणि बंगले बांधले. चुलतभाऊ कमलेशने तर स्वतःचं विकून वर इतरांचं मिळवून द्यायचं काम पत्करलं होतं. मधोमध राहिलेला रुपालीचा तुकडा त्याच्या डोळ्यात खुपत होता. नवरात्र बसलं आणि एका सकाळी शेताकडे जाणारी जुनी गाडीवाट जेसीबीने आडवी खणलेली आढळली. पुरुषभर खोल चर, वर मातीचे ढीग. कुणी केलं ते कुणी सांगेना. शेतात भात पिकून पिवळं झालं होतं.

कमलेश त्याच आठवड्यात घरी आला होता, पेढे घेऊन.

"रुपाली, मी भाऊ म्हणून सांगतो," तो खुर्चीत रेलत म्हणाला. "कापणारे मजूर चालत जातील, पण पोती कोण आणणार? डोक्यावर? भात सडेल तिथेच. त्यापेक्षा सही कर आणि मोकळी हो."

"चर कुणी खणला, दादा?"

"मला काय माहीत. बिल्डरची माणसं असतील. ओढ्याकडून जा म्हणावं तर तिथे बैलगाडीपण जात नाही." मग तो गोदाकडे वळला. "काकी, तुमी तरी समजवा हिला. एकटी बाई किती दिवस भांडणार?"

गोदाने पेढ्यांचा बॉक्स उघडलाही नव्हता. ती म्हणाली, "तिचे बापान ती जागा इकली नाय. आमी पन इकाची नाय. तू चा पी."

वाट मोकळी करून मिळावी म्हणून तहसील कचेरीत अर्ज दिला होता. पाहणी होईल, असं उत्तर मिळालं होतं. कधी, ते मिळालं नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी रुपाली ओढ्यातून चालत गेली. पाणी गुडघ्याला लागत नव्हतं. पण तळाला मोठाले धोंडे होते, आणि पलीकडचा चढ चिकणमातीचा. कुठे गाडीचं पोट टेकेल, कुठे चाक घसरेल, हे ती काठी टेकत बघत गेली. परत येताना तिचं ठरलं होतं.

आणि म्हणून आज ती सलिलच्या दुकानात होती.

"टायर कंपनीच्याच मापाचे द्या, फक्त नक्षी जाड. रस्ता आणि माती दोन्हीला चालतात ते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खाली जाड पत्रा. पुढेमागे ओढायचे हुक, चेसिसला पक्के बसवलेले. एक पट्टा आणि हवा भरायचा छोटा पंप. बस."

"आणि लिफ्ट?"

"नको. माझी आई सत्तरीची आहे, तिला चढता आलं पाहिजे."

"मॅडम, मी सरळ बोलतो. पोटाखालचा पत्रा कुणाला दिसत नाही. एवढे पैसे घालून गाडी तशीच दिसणार. आमच्या ग्रुपच्या ट्रेलला, डोंगरातल्या फेरीला, आणलीत तर पोरं गेटवरूनच परत पाठवतील."

"मी तुमच्या ग्रुपला विचारलं नाही. पत्रा लावणार का दुसरीकडे जाऊ?"

सलिलने पत्रा लावला. बोल्ट आवळताना तो पुटपुटत होता, आणि रुपाली गाडीखाली वाकून प्रत्येक बोल्ट ओढून बघत होती. एक ढिला निघाला. तिने बोट दाखवलं. त्याने तो पुन्हा आवळला.

पहिला प्रयत्न फसला.

खोटं कशाला सांगायचं, चांगलाच फसला. ओढ्याच्या मधोमध गाडी तिरकी झाली, पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी फिरू लागलं आणि उरलेली दोन ढिम्म. खाली पत्र्यावर धोंडा घासल्याचा आवाज आला. पत्रा टिकला. पण पुढच्या बंपरचा खालचा प्लास्टिकचा ओठ दगडात अडकून अर्धा फाटला. बांधावर कमलेशची तीन-चार माणसं बसली होती. त्यांनी मोबाइल काढले. एकजण ओरडून म्हणाला, "ताई, होडी घ्यायची होती."

रुपाली खाली उतरली. पाणी बुटात शिरलं. त्या माणसांकडे पाठ करून ती लटकलेल्या चाकाखाली एकेक दगड आणून रचत राहिली. कुणी मदतीला आलं नाही. बऱ्याच वेळाने गाडी मागे सरकली आणि काठावर आली. फाटलेला बंपर तिने सुतळीने बांधला आणि तशीच घरी गेली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ भावकीच्या सगळ्या ग्रुपवर पोचला. कुणीतरी खाली हसणारी तोंडं टाकली होती, कुणी "जीपवाली बाय" असं लिहिलं होतं. गोदाला तो शेजारणीने दाखवला. गोदाने तो पुरा बघितला, मोबाइल परत दिला आणि घरात येऊन विचारलं, "तुला लागला तं नाय ना?"

"नाही."

"मंग पुढल्या रविवारी मी पन येतंय. दगर उचलाला."

सोमवारी सुतळी बांधलेला बंपर घेऊनच रुपाली कामावर गेली. गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, तिच्या विभागातल्या निशाने विचारलं. निशाला तिने सगळं सांगितलं.

"अगं, मग विंच घे ना," निशा म्हणाली. "हप्त्यावर मिळेल."

"विंचने गाडी ओढली जाईल. पण मला प्रत्येक खेपेला ओढून घ्यायची नाहीये. मला चालवत जायचंय." डबा उघडता उघडता ती पुढे म्हणाली, "चूक गाडीची नव्हती. मी सरळ घातली. तिरकी घालायला हवी होती, आणि टायरमधली हवा कमी करायला हवी होती. तेवढ्यासाठी पंप घेतलेला, आणि घाबरून विसरले."

संध्याकाळी तिने बंपरचा तो फाटका ओठ करवतीने कापून टाकला. तेवढीच पुढून उंची वाढली, फुकटात.

पुढच्या रविवारी दोघी मायलेकी पहार आणि घमेलं घेऊन गेल्या. बांधावर माणसं होतीच, यावेळी जास्त. गोदाने त्यांच्यासमोर लुगड्याचा काष्टा खोचला आणि ओढ्यात उतरली. मिठागरावर जन्म काढलेली बाई ती, पाण्यात उभं राहून काम करायची तिला सवय. ज्या खड्ड्यात चाक लटकलं होतं तो खड्डा दोघींनी दगडांनी भरला. हसणारे हळूहळू गप्प झाले, कारण नुसतं बघत बसणंच त्यांना अवघड वाटायला लागलं होतं. त्यातला एक म्हातारा शेवटी उतरलाही, पण गोदाने त्याला हात करून थांबवलं. "राहू दे रे. आमचा आमी करतव."

मग रुपालीने चारही चाकांतली हवा सोडली. टायर जरा पसरले. लिव्हर फोर-लोमध्ये, चारही चाकांना सगळ्यात जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये, टाकून तिने ओढ्यात गाडी तिरकी घातली आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अगदी हलका ठेवला. गाडी माणूस चालतो तेवढ्या वेगाने सरकत होती. एकदा धोंडा पत्र्याला लागला आणि घासत मागे गेला. एकदा मागचं चाक घसरलं, गाडी कलली, गोदाने काठावरून फक्त "हळू" म्हटलं. मग पुढची चाकं चिकणमातीत रुतली, फिरली, पकडली. आणि गाडी वर आली.

रुपालीने इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून टाळ्यांची वाटही पाहिली नाही, टाळ्या वाजवणारं तिथे कुणी नव्हतंच. आईला घेतलं आणि शेताकडे गेली. दिवाळीच्या आत भात कापून, झोडून, पोती भरून ओढ्यातून बाहेर आलं. एकही पोतं भिजलं नाही.

कचेरीतून पाहणीचा दिवस कळला तो दिवाळीनंतर. मंडळ अधिकारी आल्या, जागृती नावाच्या, तिशीच्या आतबाहेर, गळ्यात ओळखपत्र. पण आल्या त्या कमलेशच्या पांढऱ्या मोठ्या गाडीतून. नाक्यापासून पुढे कचेरीची गाडी येणार नाही, असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. चराशी गाडी थांबली.

"मॅडम, इथूनच बघून घ्या," कमलेश म्हणाला. "पुढे जायला रस्ताच नाही. कधी नव्हताही. ती जमीन पडीकच आहे, कोण कसणार? बाई ठाण्याला नोकरीला."

रुपाली जीपला टेकून उभी होती. ती पुढे आली. "मॅडम, मी त्या जमिनीची मालक. माझ्या गाडीतून चला, प्रत्यक्ष बघा."

"तिचा व्हिडिओ बघितलाय सगळ्यांनी," कमलेश हसून म्हणाला. "मॅडम, जबाबदारी कोण घेणार? गाडी मध्येच बसली तर?"

"बसली तर दगड लावून काढीन. आधी काढलेली आहे, व्हिडिओत तेही आहे," रुपाली म्हणाली. "दादा, तू इथून दाखवतोस ते तुला दाखवायचंय तेवढंच. मॅडमना पाहणी करायची आहे. त्यांना ठरवू दे."

जागृती मॅडमनी चराकडे पाहिलं, मग जीपकडे. मागच्या सीटवर गोदा केव्हाच चढून बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखी. ते बघून मॅडमना हसू आलं. "आजी बसल्यात म्हणजे जायला हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढे येऊन बसल्या.

ओढ्यात त्यांनी दांडा घट्ट धरला होता. खाली पत्रा घासला तेव्हा त्यांनी दचकून विचारलं, "तुटलं का काही?"

"नाही. तो त्यासाठीच लावलाय."

पलीकडे कापलेल्या भाताचे खुंट होते, पेंढ्याची उडवी होती, आणि ओल धरून टाकलेल्या वालाची रोपं वीतभर वर आली होती. जुन्या गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्या शेताच्या कडेने जाऊन चराच्या मातीत गडप झालेल्या स्पष्ट दिसत होत्या. मॅडमनी फोटो काढले, चालत जाऊन त्या चाकोऱ्या पाहिल्या, आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला. सहीसाठी दुसऱ्या बाजूचा माणूस हवा होता. कमलेश पलीकडच्या काठावर उभा होता.

"या की इकडे," मॅडमनी हाक मारली.

त्याने पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. रुपालीने त्याला आणायला गाडी वळवली नाही. तो पँट दुमडून पाण्यातून आला.

सही करून झाल्यावर तो हळू आवाजात तिला म्हणाला, "एवढं करून काय मिळवलंस? भाव आणखी वाढवून देतो. सांग आकडा."

"वालाच्या शेंगा तयार झाल्या की सांगीन. मडक्यात भाजू, पोपटीला ये."

वाट मोकळी करायचा आदेश थंडी संपता संपता आला. चर बुजवला गेला, वर खडी पडली. त्या रविवारी दोघी शेताकडे निघाल्या तेव्हा नव्या खडीच्या तोंडाशी कमलेश आणि त्याची माणसं उभी होती. रुपालीने गाडी हळू केली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि स्टिअरिंग ओढ्याकडे वळवलं.

"आगं, रस्ता झाला ना आता," गोदा म्हणाली. "मंग इकरून कशाला?"

"बघू देत त्यांना," रुपाली म्हणाली, आणि फोर-लोचा लिव्हर खाली ओढला.