तांबडीचा कोपरा

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून मी सगळ्यांना सांगत सुटले होते, की आता मला कशाचीच भीती वाटत नाही. खरंच वाटत नव्हती! भोरला भरलेल्या हॉलपुढं माईक धरून बोललेली मुलगी मी, खुडूक कोंबडीची काय कथा?

कोंबडी आमची, तांबडी. अंडी मात्र शेजारच्या ठकुआत्यांची. पौषात मानमोडीचा रोग आला आणि आत्यांच्या सगळ्या कोंबड्या चार दिवसांत गेल्या. उघड्या मानेच्या, म्हणजे मानेवर पिसं नसलेल्या जातीच्या होत्या, आत्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेल्या. रोग यायच्या आधी जमवून ठेवलेली नऊ अंडी तेवढी उरली. आमची तांबडी नेमकी तेव्हाच खुडूक झालेली, अंडी उबवायला उतावीळ. मग आईनं ती अंडी तिच्याखाली अर्ध्या वाट्यानं बसवायचं ठरवलं, म्हणजे अर्धी पिलं त्यांची, अर्धी आमची. आमच्या हिर्डोशी गावात असंच चालतं.

आत्यांनी प्रत्येक अंड्यावर कोळशानं रेघ ओढली, वीज कडाडली तर पिलं दगावू नयेत म्हणून टोपलीसारख्या पाटीतल्या पेंढ्यात लोखंडी खिळा खुपसला आणि तांबडीला बसवून पाटी जात्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली.

"नंदे, ही गेली तर माज्या घरातली जातच सपली बग."

"आत्या, म्या हाय ना!" मी म्हणाले. छाती पुढं काढून.

अंडी बसवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी आई कामथडीला मावशीच्या बाळंतपणाला गेली. जाताना म्हणाली, "राजनंदिनी, दाणापाणी कर, बाकी हात लावू नगंस." पण मला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पिलू अंडं फोडतानाचा व्हिडिओ काढायचा होता, आणि त्या कोपऱ्यात मोबाईलमध्ये नुसतं काळं दिसायचं. म्हणून सकाळी मी तांबडीसकट पाटी उचलली आणि पडवीत उजेडाला ठेवली. ती बसून राहिली. झालं की काम! मी दप्तर उचलून एसटीला पळाले. बाबा शेतावर गेलेले.

साडेपाचला परत आले तर पडवीत पाटी होती. तांबडी नव्हती.

मी आत धावले. ती जात्यामागं बसली होती, जुन्या जागी, मोकळ्या भुईवर. पंख पसरून, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून. पोटाखाली काहीच नाही! आणि पडवीतली नऊच्या नऊ अंडी नदीतल्या गोट्यासारखी गार.

मी घाईनं पाटी आत आणली, तांबडीला वर ठेवलं. तिनं एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढून घेतलं, जसं काही घडलंच नाही. मी मात्र कुणालाच सांगितलं नाही. बाबांना नाही, फोनवर आईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं, "काय गं, आज गप्प?" मी वहीत डोकं खुपसलं. सारखं वाटायचं, कवचाच्या आत नऊ जीव आहेत, आणि ते एका व्हिडिओसाठी मी गारठवून मारलेत.

एकविसावा दिवस, पिलं निघायचा, रविवार होता. सकाळपासून दहादा अंडी कानाला लावली. चिवचिव नाही, टकटक नाही, तडा नाही. आणि दारात ठकुआत्या! पदराच्या गाठीत तांदळाची कणी बांधून आणलेली.

"पिलांना पयला घास माजा," म्हणाल्या. "किती निगाली?"

ती गाठ बघितली आणि मला रडूच फुटलं. हुंदक्याहुंदक्यात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उंबऱ्यावर बसल्या.

"अगं, कोंबडी अंडी न्हाई वळखत, जागा वळखती. हलवायची तर अंधार पडल्यावर हलवावी. भाषणात शिकवलं न्हाई व्हय हे?" मग उठल्या. "पाणी ठेव. बाळाच्या आंगुळीला लागतं तेवडंच कोमट."

पातेल्यात त्यांनी अंडी अलगद सोडली. "पाणी थिर होऊ दे. जित्तं असंल तर हलंल. आन् तू श्वास सोडू नगं पाण्यावर."

मी ओढणीनं तोंड दाबून धरलं. अंडी तरंगत होती. पाणी थांबलं. अंडीही थांबली. एक नाही, दोन नाही, काहीच नाही. आत्यांनी पदराची गाठ मुठीत इतकी आवळली होती, की बोटं पांढरी पडलेली.

"आत्या..."

"गप."

काठाजवळच्या अंड्याला झटका बसला. पाण्यावर बारीक वर्तुळ उठलं. मग दुसऱ्याला. मग तिसरं जागच्या जागी डुललं. आम्ही खूप वेळ बघत राहिलो. पाच हलली. चार नाहीत.

"गारठ्यानं उशीर केला," आत्या अंडी पदरानं टिपत म्हणाल्या. "ही पाच परत तांबडीखाली ठेव. त्या चारांचा खड्डा तूच खण, परसात."

"पाचही तुमची, आत्या. आमचा वाटा नको."

"वाट्याचं तुजी आई बगंल. अजून भाईर कुटं आल्यात?"

खड्डा मीच खणला. सोमवारी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्या जात्यापाशीच बसल्या होत्या.

"म्या हात लावला न्हाई," त्या म्हणाल्या. "तू घाल."

मला घालवेना. शेवटी भोरच्या हॉलमध्ये माईक धरलेला तो हात मी हळूच पुढं केला. तांबडीनं मनगटावर टोच मारली, रक्त आलं. तरी मी बोटं पोटाखाली सरकवली. कवचाचा धारदार तुकडा लागला. मग काहीतरी ओलं, गरम, हलणारं. बोट वर सरकलं तर मानेवर पिसंच नव्हती.

"आत्या," मी म्हणाले, "उघडीच आहे मान."

आत्या पदराची गाठ सोडायला लागल्या.